कुसुमताईंची सभा

कुसुमताई सरपंच झाल्या तेव्हा गावात कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. बबनभाऊंनी निवडणुकीची तयारी आधीपासूनच करून ठेवली होती, ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बायकोचा अर्ज भरला. फलकावर बबनभाऊ हात जोडून उभे होते आणि ताईंचा फोटो कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा होता. निकालाच्या दिवशी गुलालही बबनभाऊंच्याच कपाळाला लागला. ताई त्या वेळी घरात मिरवणुकीतल्या माणसांसाठी चहा करत होत्या.

मी त्या गावच्या शाळेत शिक्षिका होते. तळेगावहून कामशेतपर्यंत गाडीनं यायचं आणि तिथून जीपनं आत. डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या मधोमध गाव. पंचायतीची खोली अगदीच लहान, त्यामुळे ग्रामसभा आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गात भरायची. किल्ली माझ्याकडे असे. वर्ग उघडायला आणि नंतर बंद करायला कुणीतरी हवं, म्हणून मी मागच्या बाकावर बसून राहायची. गावची मतदार नसूनही त्या गावच्या इतक्या सभा पाहिलेली दुसरी बाई नसेल.

ताईंच्या आधीच्या सभा मी पाहिल्या होत्या. पुढच्या बाकांवर पाच-सहा पुरुष, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. विषय रस्त्याचा असला तरी कुणीतरी कुणाच्या तरी आजोबांनी बांध कोरल्याचं काढायचं आणि मग तेच चालायचं. बायका आल्याच तर बाहेर व्हरांड्यात उभ्या. सभा मोडली की रजिस्टर घरोघर फिरायचं आणि न आलेल्यांच्याही सह्या व्हायच्या. ह्याला कुणी वाईट म्हणत नसे. तशीच रीत होती.

ताईंच्या पहिल्या सभेला बबनभाऊंनी सरपंचाच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडून घेतली. ताई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या. चालताना त्या मान वर करत नसत. आवाज खालचा, किंचित घोगरा. त्यांनी सांगितलं, की ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा, नाव सांगायचं आणि उभं राहून बोलायचं. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. लोकांनी ऐकून घेतलं. नवीन नवीन आहे, बोलतेय, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

पहिलाच प्रश्न पाण्याचा आला आणि नेहमीच्या सवयीनं बबनभाऊ बसल्या जागेवरून उत्तर द्यायला लागले. ताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"बबनराव, हात वर करा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी ठकूमावशीचा हात वर हाय."

मग मागं कुणीतरी हसलं. बबनभाऊ उठले आणि चपला पायात सरकवून निघून गेले. ताईंनी ती रिकामी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि ठकूमावशीला म्हणाल्या, "मावशी, बोला."

ठकूमावशी म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. नवरा तरुणपणी गेलेला, लेक लग्न होऊन वडगावला, आणि घरात म्हणाल तर एक म्हैस. ती उंबऱ्यातूनच हात वर करून उभी होती. बोल म्हटल्यावर तिला काही सुचेना. तिनं म्हशीपासून सुरुवात केली, मग मेलेल्या नवऱ्यावर गेली, तिथून नळावर आली आणि परत म्हशीवर. पुरुष हसायला लागले, एकानं मध्येच दुसरा विषय काढला. ताईंनी त्याला थांबवलं. "त्यांचं व्हऊ द्या," म्हणाल्या. तो गप्प बसला तरी मावशीची जीभ वळेना. ताई काही न बोलता थांबल्या, म्हणून सगळी सभा थांबली. मी शाळेत इतकी वर्षं काढली, पण एका माणसासाठी एवढी माणसं अशी गप्प बसलेली तोवर पाहिली नव्हती.

शेवटी मावशीचं म्हणणं कळलं. सकाळी नळाला पाणी सोडायचे त्याच वेळी ती म्हैस घेऊन गायरानात जायची. परत येईपर्यंत पाणी गेलेलं असायचं. त्यामुळे ती डोंगरातल्या झऱ्यावरून हंडा आणत होती. कितीतरी वर्षं. पाण्याची वेळ बदलायला कुणाचीच हरकत नव्हती. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

त्या दिवसापासून "त्यांचं व्हऊ द्या" हे ताईंचं वाक्य गावभर झालं. पोरं खेळतानासुद्धा म्हणायची. टपरीवर पुरुष चेष्टेनं म्हणायचे. पण पुढच्या सभेला बायका व्हरांड्यातून आत आल्या आणि बाकांवर बसल्या.

बबनभाऊ मात्र त्या सभेनंतर बरेच दिवस घरात बोलत नव्हते. ताई भाकरी करून झाकून ठेवायच्या आणि ते ती न खाताच शेतावर जायचे. हे ताईंनीच मला सांगितलं, माझ्या वर्गाच्या पायरीवर बसून. मी म्हटलं, एवढं चारचौघांत कशाला करायचं, घरी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"घरात मी त्यांची बायकोच हाय की," ताई म्हणाल्या. "तितं खुर्चीत बसल्यावर मी कुणाचीच न्हाई. त्यांना एकदा सोडलं असतं तर उद्या दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडानं थांबवू?"

हे त्यांच्यात कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. त्यांचं माहेर तळेगावचं. वडील कारखान्यात कामगार. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन जायच्या आणि कामगारांची सभा असली तर मागं बसून राहायच्या. एकदा संप चालू ठेवायचा की मोडायचा यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावली होती. अध्यक्ष एक म्हातारा फिटर होता. तो काही चांगला वक्ता नव्हता. तो फक्त एकेकाचं नाव घेत राहिला, आता तू बोल, आता तू. संप मोडला, वडिलांच्या बाजूची हार झाली. पण घरी येताना वडील म्हणाले होते, की हरलो, पण आपलं सगळं बोलून हरलो. ताईंच्या मनात ते कायमचं बसलं होतं. वडिलांचा चेहरा पडलेला होता आणि तरी ते नीट चालत होते, असं त्या सांगायच्या.

सभेत त्या स्वतः फार थोडं बोलत. आपलं मत तर सांगतच नसत. हात मोजताना मोठ्यानं मोजायच्या आणि पुन्हा एकदा उलट्या बाजूनं मोजायच्या. दारू पिऊन येणारा एक दत्तू होता, तो ताईंना वाटेल ते बोलायचा. त्याचाही हात वर झाला की त्या त्याचं नाव घ्यायच्या. एकदा मी रागावून म्हटलं, त्याला कशाला उभं करता? त्या म्हणाल्या, की प्यायलेला असला तरी त्याच्या घरासमोरचं गटार खरंच तुंबलंय, आणि ते त्याच्याशिवाय कुणी सांगत नाही.

घरीही सवय सुटली नव्हती. मी एकदा जेवायला गेले होते. दोन्ही मुलं कसल्याशा वादावरून एकाच वेळी बोलायला लागली, तर ताईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकता टाकता धाकट्याकडे बोट केलं आणि थोरला चक्क थांबला. बबनभाऊ ताटावरून मान वर न करता म्हणाले, "बाई, हितं जेवायचं तरी हात वर करावा लागतू." सगळे हसलो. तेव्हा त्यांचं बरं चाललं होतं.

मग ते रस्त्याचं प्रकरण आलं.

डोंगराच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका शेठनं जमीन घेतली होती. त्याला तिथं बंगले बांधायचे होते, शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांसाठी. जमिनीपर्यंत जायला रस्ता हवा होता आणि तो गावच्या गायरानातून, झऱ्याला लागूनच जाणार होता. त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत हवी होती. ताईंना तो रस्ता नको होता. हे त्यांनी कधी सभेत सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. झऱ्याचं पाणी त्यांनी लग्न होऊन आल्यापासून भरलं होतं.

विशेष सभा ठरली ती नेमकी भातलावणीत. पाऊस होता, माणसं खाचरांत होती. जी आली ती बहुतेक रस्त्याच्या विरोधातली, आणि त्यांत बायका जास्त. ठकूमावशी सगळ्यांत पुढं बसली होती. ग्रामसेवकानं माणसं मोजली आणि ताईंच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. ताईंनी स्वतः मोजली. मग त्या म्हणाल्या, की कोरम होत नाही, थोडी माणसं कमी आहेत, सभा तहकूब करावी लागेल.

लोकांना आधी वाटलं, त्या सांगायचं म्हणून सांगतायत. एकजण म्हणाला, रजिस्टर फिरवू घरोघर, रीतच आहे. दुसरा म्हणाला, विरोधाचा ठराव आत्ताच लिहून टाका, शेठचा विषय आजच संपेल. आणि ते खरं होतं. त्या दिवशी त्या वर्गात रस्त्याच्या बाजूचं जवळजवळ कुणी नव्हतंच.

ताई नाही म्हणाल्या. ठकूमावशी उठून उभी राहिली. हात वर करायचंही तिला भान राहिलं नाही.

"अगं कुसुम, समदी आपलीच हाईत की हितं," ती म्हणाली. "कुणासाठी थांबायचं?"

"जी आली न्हाईत त्यांच्यासाठी, मावशी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आणखी खाली गेला होता. "आपली हाईत म्हणून आज कमी माणसांत केलं, तर उद्या ती त्यांची असतील तवा आपुन काय म्हणायचं?"

सभा तहकूब झाली. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही, हे शेठच्या माणसांनाही ठाऊक होतं. मधल्या दिवसांत गावात जीप फिरली. पोरांना वॉचमनच्या आणि ड्रायव्हरच्या नोकऱ्यांचा शब्द दिला गेला. काही जणांना लोणावळ्याच्या हॉटेलात जेवायला नेलं. रस्त्यासाठी माती उकरायचं काम बबनभाऊंच्या जेसीबीला मिळणार, असंही कानावर आलं. बबनभाऊंचा जेसीबी नवाच होता.

दुसऱ्या सभेला वर्ग भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. बबनभाऊंनी हात वर केला. ताईंनी त्यांचं नाव घेतलं, जसं इतर कुणाचं घेतलं असतं तसं. ते रस्त्याच्या बाजूनं बोलले आणि चांगलं बोलले. गावातल्या पोरांना चाकणपर्यंत कामाला जावं लागतं, हे काही खोटं नव्हतं. एका बाईनं मध्येच त्यांना टोकलं तर ताई तिला म्हणाल्या, "त्यांचं व्हऊ द्या." तेव्हा त्या बाईनं ताईंकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

ठकूमावशी बोलली. ह्या वेळी ती भरकटली नाही. गायरान गेलं तर म्हैस कुठं चारू आणि झरा गेला तर उन्हाळ्यात नळ आटल्यावर पाणी कुठून आणू, एवढंच विचारून ती खाली बसली.

हात मोजले गेले. ताईंनी उलट्या बाजूनं पुन्हा मोजले. रस्त्याच्या बाजूचे हात थोडे जास्त होते. दोन्हीकडचे हात समसमान झाले असते तरच ताईंना मत देता आलं असतं, तेवढंही झालं नाही. त्यांनी "ठराव मंजूर" म्हटलं आणि खाली बसून सही केली. सही करताना पदर कागदावर आला, तो त्यांनी नीट बाजूला केला.

बाहेर पायऱ्यांवर ठकूमावशी उभी होती. ताई जवळ आल्यावर म्हणाली, "त्या दिशी तू मोजलं नसतंस तर झालं असतं." आणि काठी टेकत निघून गेली. त्यानंतर ती ताईंशी कधीही बोलली नाही.

दिवाळीनंतर रस्त्याचं काम सुरू झालं. झऱ्याच्या तोंडावर मुरुमाचा ढीग पडला, पाणी आधी गढूळ झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात आलंच नाही. नोकऱ्या लागल्या त्या दोघा-तिघांना. बबनभाऊंच्या जेसीबीनं काम केलं, पण त्या वर्षी ते घरात फारसे बोलतही नसत. ह्या खेपेला राग नव्हता. मावशीनं म्हैस विकली आणि ती लेकीकडे वडगावला गेली.

पंचायतीच्या कामासाठी ताई वडगावला तहसीलमध्ये जायच्या तेव्हा त्या मावशीच्या लेकीच्या दारात उभ्या राहायच्या. लेक आत बोलवायची, चहा द्यायची. मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ताई तिच्या पायाशी बसून येत. एकदा परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. मी त्यांना विचारलं, की पश्चात्ताप होतो का.

"लय होतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाई, मावशी पयल्यांदा बोलली ती त्याच नेमामुळं बोलली. त्योच नेम मी तिच्यासाठी मोडला असता तर तिचं ते बोलणंबी खोटं पडलं असतं, असं मला वाटतं. पर झरा काय परत येत न्हाई. मी बरोबर केलं का चूक, मला खरंच सांगता येत न्हाई."

मावशी त्याच पावसाळ्यात गेली. ताई मातीला गेल्या. लेक सांगत होती, शेवटपर्यंत तिनं ताईंचं नाव काढलं नाही.

मुदत संपली आणि ताई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. नंतरचा सरपंच सचिन, माझाच विद्यार्थी. मुलगा वाईट नाही, पण त्याला घाई फार. सभा पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. पुढच्या बाकावरची चार माणसं एकदम बोलायची, सचिन मोबाइलवर काहीतरी बघत मान हलवायचा, आणि रजिस्टर परत घरोघर फिरू लागलं. बायका हळूहळू व्हरांड्यात आणि तिथून घरी गेल्या. त्यातल्या काहीजणी ताईंना नावं ठेवत होत्या. नेम नेम करून काय मिळालं, म्हणायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं. ज्यांना नेमाचा उपयोग त्यांनाच तो महाग पडला होता.

ताई मात्र प्रत्येक सभेला यायच्या, एकट्या. उजवीकडच्या बाकावर बसायच्या. मध्यंतरी त्यांना पोटाचं दुखणं लागलं. तळेगावच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या आणि अंगावरचं सगळं मांस गेलं. बबनभाऊ त्यांना मोटरसायकलवरून शाळेपर्यंत सोडायचे आणि सभा संपेपर्यंत बाहेर पिंपळाखाली थांबायचे. स्वतः आत येत नसत.

माझ्या निवृत्तीच्या वर्षातली ती सव्वीस जानेवारीची सभा. झेंडावंदन झालं होतं, मुलं खाऊ घेऊन पांगली होती. वर्गात वाद चालला होता तो जत्रेत कुणाचा डीजे लावायचा याचा. ताईंनी हात वर केला. सचिनचं लक्ष गेलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताला कोपराशी आधार दिला. बोलणारे एकमेकांवर ओरडत होते. मला राहवेना. मी मागून उठून म्हटलं, "सचिन, ताईंना बोलायचंय." ते त्या गोंगाटात पुढं पोहोचलं नाही, पण ताईंना ऐकू गेलं. त्यांनी मागं वळून मला मानेनंच खाली बसायला सांगितलं.

डीजेचं काहीतरी ठरलं. सचिन उठला, बाकीही उठले, बाकं सरकल्याचे आवाज झाले. ताईंचा हात अजून वर होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मनगट चोळत बसल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. हात धरून उठवलं तर वजन असं लागलंच नाही. विचारलं, काय सांगायचं होतं?

"सभेत सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या. "सभा संपली."

मी म्हटलं, मला सांगा, मी सचिनला सांगते, तो माझं ऐकेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. "तसं कानात सांगायचं असतं तर घरीच सांगितलं असतं की. ऱ्हाऊ द्या. पुढच्या सभेत सांगते."

पुढची सभा मे महिन्यात होती. ताई मार्चमध्ये गेल्या. त्या काय सांगणार होत्या ते गावात कुणालाच कळलं नाही. झऱ्याचं असेल, रस्त्याचं असेल, किंवा अगदी साधं, दिव्याचं नाहीतर गटाराचं. मी त्यांच्या मुलांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या सव्वीस जानेवारीला मी वर्गाला कुलूप लावून पायरीवर आले तेव्हा बबनभाऊ त्यांना गाडीवर बसवत होते. त्यांनी आधी ताईंचा पाय मोटरसायकलच्या पायपट्टीवर नीट ठेवला, शाल गुंडाळली, मग हळूच गाडी चालू केली. ताईंनी माझ्याकडे पाहून हात हलवला. गाडी खाचरांच्या बाजूच्या रस्त्याला लागली. ऊन चांगलं वर आलं होतं, त्यामुळे दोघं लांबपर्यंत दिसत होते. बबनभाऊ सारखे मान मागं वळवून त्यांना काहीतरी विचारत होते, आणि त्या नुसती नकारार्थी मान हलवत होत्या.